भाऊबीज उरकली की हावड्याची गाडी धरा

वाचकांचं पत्र: "कोलकात्याला जायचं दोन वर्षांपासून घरात घोळतंय. सासूबाई ७१ वर्षांच्या. गुडघे दुखतात, पण दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ एकदा बघायचाच म्हणतात. यजमानांना दुर्गापूजाच बघायची आहे. पुण्यातले गणपती पाहिले, आता ती पूजा, असं त्यांचं चाललंय. मुलगी नववीत आहे, तिला कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं हवीत. शेजारच्या काकू सांगतात मे महिन्यात जा, हॉटेलं निम्म्या दरात मिळतात. इंटरनेटवर बघावं तर जिथे तिथे एकच, ऑक्टोबर ते मार्च. माझं म्हणणं एवढंच, की घामाने आणि गर्दीने जीव नकोसा होऊ नये. पुढच्या वर्षी मुलीची दहावी, म्हणजे यंदा नाही जमलं तर राहिलंच. नक्की कधी जावं?" – एक वाचक, सांगली

ताई, उत्तर आधी सांगते आणि कारणं मागाहून. यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. ओवाळणं उरका, दुसऱ्या दिवशी पुण्याहून हावड्याची गाडी धरा आणि १४ ते १९ नोव्हेंबर हे दिवस कोलकात्याला द्या. दुर्गापूजेत जाऊ नका, मे महिन्यात तर मुळीच नको, आणि नाताळच्या सुट्टीचा विचार मनात डोकावत असेल तर तोही सोडा. यजमान थोडे हिरमुसतील. त्यांच्यासाठी एक तोड काढली आहे, ती पुढे येईलच.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही बरीच वर्षं दक्षिण कोलकात्यात काढली, त्यामुळे तिथला एकेक महिना अंगावरून गेलेला आहे. "ऑक्टोबर ते मार्च" हे उत्तर वाचलं की मला हसू येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे धो धो पाऊस असू शकतो आणि मार्च संपता संपता पंख्याखाली बसूनही पाठ ओली होते. या सहा महिन्यांत एकदा शहर मंडपांनी अडवलेलं असतं, एकदा फटाक्यांच्या धुराने भरलेलं, एकदा गंगासागरच्या यात्रेकरूंनी, आणि मधूनमधून काही आठवडे असे येतात की रस्त्याने चालावंसं वाटतं. तुम्हाला ते आठवडे शोधायचे आहेत, आणि तेही शाळेच्या सुट्टीत बसणारे.

काकूंच्या मे महिन्याचा निकाल आधी लावून टाकू. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तरी सावलीत बसलं, माठातलं पाणी प्यायलं की जिवाला बरं वाटतं. कोलकात्यात पारा ३५-३६ च्या आसपासच असतो, पण बंगालच्या उपसागरावरून येणारी हवा इतकी दमट, की घाम वाळतच नाही. सकाळी आठ वाजता आंघोळ करून बाहेर पडलेला माणूस साडेआठला पुन्हा आंघोळीच्या लायकीचा झालेला असतो. दक्षिणेश्वरला चपला बाहेर ठेवून त्या मोठ्या फरशीच्या अंगणात उतरायचं असतं. मे महिन्यात अकरा वाजता त्या फरशीवरून बायका टाचा उचलून, अक्षरशः पळत मंदिराची पायरी गाठतात. सासूबाईंना पळता येणार आहे का? हॉटेल निम्म्या दरात मिळतं ते उगीच नाही. त्या दिवसांत बंगाली माणूस स्वतःच दार्जिलिंगच्या गाडीत असतो.

तरी मे महिन्याला एक दाद द्यायलाच हवी. एप्रिल-मे मध्ये एखाद्या दिवशी दुपारभर हवा कोंडलेली असते, पान हलत नाही, आणि चार-पाचच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ काळंभोर होत येतं. आधी धुळीचा लोट, धडाधड आपटणाऱ्या खिडक्या, मग टपोरे थेंब, कधी गारा. अर्ध्या तासात हवा चांगली आठ-दहा अंशांनी उतरते आणि अख्खी गल्ली गच्चीवर येऊन उभी राहते. याला तिकडे कालबैशाखी म्हणतात. आपल्या वळवाची ही सख्खी बहीण, फक्त जास्त तापट. झाडं पाडते, विमानं दुसरीकडे वळवते. राहणाऱ्या माणसाला ती हवीहवीशी वाटते, पण पाच दिवसांसाठी गेलेल्या पाहुण्याने तिच्या भरवशावर बेत आखू नये. मे-जूनमध्ये हिमसागर आंबा येतो आणि तो खरंच गोड असतो. हापूसवाल्या माणसाने हे मान्य करायला मला दोन मोसम लागले, पण आंब्यासाठी एवढा घाम गाळायचं कारण नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू होतो तो सप्टेंबर संपेपर्यंत, कधी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही. मुंबईपेक्षा एकूण पाऊस कमी, पण पाणी तुंबण्यात कोलकाता कुणाला हार जाणार नाही. त्याचं कारण जमिनीतच आहे. सगळ्यांना वाटतं पाणी हुगळीत वाहून जात असेल. नदीकाठची जमीन गाळाने उंच झालेली, आणि शहराचा उतार नदीपासून पूर्वेला, पाणथळ आणि दलदलीच्या बाजूला. त्यामुळे बरंचसं पाणी उलट्या दिशेने, कालव्यांतून आणि पंपांनी पूर्वेला न्यावं लागतं. जे नदीकडे सोडतात त्याचे दरवाजे भरतीच्या वेळी बंद ठेवावे लागतात, नाहीतर नदीच शहरात शिरायची. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की उत्तर कोलकात्यात, ठनठनिया आणि कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला, गुडघाभर पाणी ठरलेलं. तुमच्या मुलीची पुस्तकांची दुकानं नेमकी तिथेच. खालच्या फळीवरची पुस्तकं उचलून वर ठेवणं हा तिथल्या दुकानदारांचा पावसाळ्यातला नित्याचा उद्योग. पावसात कोलकात्याला जावं ते ज्याला इलिश मासा खायचा आहे आणि खिडकीशी बसायला वेळ आहे त्याने.

आता यजमानांची पूजा.

त्यांची इच्छा अगदी रास्त आहे. २०२१ साली युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि त्या मानाला ती पात्र आहे. गणपतीची आरास पाहिलेल्या माणसालाही तिथल्या मंडपापुढे गप्प उभं राहावं लागतं. पण तुमच्या घरच्या चौघांनी एकत्र जायचं म्हटलं तर ती वेळ चुकीची आहे, आणि याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण सासूबाईंचे गुडघे. षष्ठीपासून नवमीपर्यंत दुपारनंतर मुख्य मंडपांच्या रस्त्यांवर गाड्या बंद. दोन्ही बाजूंनी बांबूचे कठडे, मधून माणसांची रांग, आणि एकदा रांगेत शिरलं की मधेच बाहेर पडता येत नाही. देवीपुढे पोचल्यावर शिट्टी वाजवत स्वयंसेवक पुढे ढकलतात. बाहेरचा रस्ता मंडपाच्या मागून निघतो, भलत्याच गल्लीत, आणि तिथून टॅक्सी मिळायला आणखी किलोमीटरभर चालायचं. लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीत सासूबाईंना उभं करायचं तुमच्या मनात कधी आलं नसेल, तर हेही मनातून काढा. बेलूर मठात अष्टमीला कुमारीपूजा असते, १९०१ मध्ये स्वामी विवेकानंदांनी सुरू केलेली. ती बघायला इतकी माणसं लोटतात, की मठ "पाहणं" त्या दिवशी होतच नाही.

दुसरं कारण मुलीचं. पूजेच्या दिवसांत कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं बंद. सरकारी कचेऱ्या बंद, संग्रहालयं बरीचशी बंद. शहर त्या दिवसांत एकच काम करतं. शिवाय यंदा पूजा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, आणि तेव्हा तुमच्याकडे सहामाही परीक्षेचे दिवस असतील. वेळापत्रक बघून घ्या.

तिसरं कारण पाऊस. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत, म्हणून पूजा त्यातल्या त्यात कोरडी जायची शक्यता. पण गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ती सप्टेंबरच्या अखेरीस होती. त्याच्या आदल्या आठवड्यात एका रात्रीत सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस कोसळला. उभारत आणलेले मंडप पाण्यात होते आणि विजेच्या धक्क्याने माणसं गेली. पूजेला कधीही जायचं असेल तर पंचांग उघडून बघायचं, अधिक मास कधी येऊन गेला. तो ज्या वर्षी येतो त्या वर्षीची पूजा हवेच्या दृष्टीने बरी.

यजमानांनी मित्रांबरोबर एखाद्या वर्षी स्वतंत्र जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तृतीया-चतुर्थीपासून बरेच मंडप खुले होतात, गर्दी अजून तापलेली नसते. शोभाबाजारच्या राजवाड्यातली जुनी घरची पूजा सकाळी बघावी, मंडप रात्री बारानंतर. पूजेत मेट्रो रात्रभर धावते आणि राज्य परिवहनच्या पूजा परिक्रमेच्या बसेसही असतात. तीस-पस्तीस हजार पावलं चालायची तयारी असलेल्या माणसाने हे करावं, आणि करावंच.

आता ती तोड.

आपण लक्ष्मीपूजन करतो त्या रात्री बंगालमध्ये कालीपूजा असते. म्हणजे दिवाळीत तिथे आणखी एक मोठा उत्सव, फटाक्यांचा धूर आणि कालीघाट-दक्षिणेश्वरला तोबा गर्दी. भाऊबीजेला त्यांचा भाईफोटा, पुन्हा दुकानं बंद. त्यानंतर कोलकाता शांत होतं, पण हुगळीच्या पलीकडच्या काठावर, हावड्याहून लोकलने तासाभरावर असलेल्या चंदननगरला नेमकी तेव्हा लगबग सुरू होते. तिथली जगद्धात्री पूजा. कार्तिक शुद्ध नवमी हा मुख्य दिवस, मंडप षष्ठीच्या सुमारापासून दशमीपर्यंत. सिंहावर बसलेली, पायाशी हत्ती असलेली देवी, दोन-अडीच मजले उंच मूर्ती, पांढऱ्याशुभ्र शोल्याच्या दागिन्यांनी मढवलेली. शोला म्हणजे पाणथळीत उगवणारं हलकं झाड, आपल्या गौरी-गणपतीच्या थर्माकोलला लाज वाटेल अशी नक्षी त्यातून कापतात. आणि रोषणाई तर विचारू नका. दुर्गापूजेत कोलकात्याचे रस्ते ज्या दिव्यांच्या चित्रांनी उजळतात, ती बनवणारे कारागीर याच गावचे. आपल्या गावच्या पूजेसाठी ते हात राखून काम करत नाहीत.

गर्दी तिथेही असते, भरपूर असते, पण संध्याकाळी. तुम्ही सकाळी नऊपर्यंत पोचलात तर मूर्ती निवांत बघून होतात. नदीकाठी फ्रेंचांच्या काळातला स्ट्रँड आहे. हे गाव १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होतं. तिथे झाडाखाली बाकं आहेत, सासूबाईंना बसवा. दुपारी तुम्ही दोघी परत या आणि बाप-लेकीला रोषणाईसाठी मागे राहू द्या. या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जादा लोकल सोडतात. यजमानांना मंडप मिळाले, रोषणाई मिळाली, ढाक नावाच्या ढोलाचा आवाज मिळाला. दुर्गापूजेची पूर्ण भरपाई ही होत नाही, पण "कोलकात्याला जाऊन आलो आणि पूजा नाही बघितली" असं म्हणायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यावर दुपारी २९-३० अंश, पहाटे १९-२० च्या आसपास. दमटपणा उतरलेला, पाऊस जवळजवळ संपलेला. सासूबाईंना सकाळी शाल लागेल, तुम्हाला नाही. बंगाली माणूस मात्र पारा विसाच्या खाली आला की कानटोपी काढतो. लहान मुलांना तर फक्त डोळे दिसतील इतकं गुंडाळतात. हसू आलं तरी दाबा. एक धोका सांगून ठेवते: बंगालच्या उपसागरातली वादळं येण्याचे दोन काळ असतात, एक एप्रिल-मे आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर. २०१९ मध्ये बुलबुल वादळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच आलं होतं. दरवर्षी होतं असं नाही, पण हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याचा अंदाज बघत राहा.

शाळेची आडकाठी नसती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, हे मान्य करते. १८ जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा कोलकात्याचा सगळ्यात देखणा काळ. पुस्तकमेळा त्याच दिवसांत सॉल्ट लेकला भरतो; १९७६ पासून भरतोय आणि तिथे माणसं जत्रेसारखी नटूनथटून, पिशव्या घेऊन जातात. सरस्वती पूजेला पिवळ्या साड्या नेसलेल्या शाळकरी मुलींनी रस्ते भरतात. आणि नोलेन गुड. आपल्याकडे शिंदीचं झाड असतं ना, ज्याचं नाव काढलं की लोकांना फक्त ताडी-माडी आठवते, त्याच झाडाच्या खोडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस धरतात आणि पहाटे कढईत आटवतात. थंडी जितकी कडक तितका रस निर्मळ. त्या गुळाचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, तोंडात टाकल्यावर काही क्षण बोलायचं सुचत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर हा गूळ अजून आलेला नसतो; कुणी "ताज्या गुळाचा" म्हणून संदेश पुढे केला तर ओळखून असा. मुलीची दहावी-बारावी आटोपली की जानेवारीत पुन्हा जा, फक्त गुळासाठी आणि पुस्तकमेळ्यासाठी.

पण जानेवारीतही तारखा बघून. २५ डिसेंबर ते १ जानेवारी पार्क स्ट्रीटवर मुंगीला वाट नाही, प्राणिसंग्रहालयात अख्खं बंगाल डबे घेऊन सहलीला आलेलं असतं, आणि १ जानेवारीला रामकृष्णांच्या कल्पतरू उत्सवामुळे दक्षिणेश्वरला काही तास रांगेत जातात. मग संक्रांतीला गंगासागरचा मेळा. देशभरातले साधू आणि यात्रेकरू हावडा आणि सियालदहवरून उतरून पुढे सागर बेटाकडे जातात, तेव्हा साधारण ८ ते १६ जानेवारी ही स्टेशनं टाळलेली बरी. नाताळची सुट्टी नको म्हटलं ते याचसाठी. आणि सासूबाईंना दम्याचा त्रास असेल तर डिसेंबर-जानेवारी कटाक्षाने टाळा. थंडीत तिथली हवा खाली बसते, संध्याकाळी घसा खवखवतो. नोव्हेंबरमध्येही थोडं जाणवेल, पण इतकं नाही.

आता तुमचे सहा दिवस. यात वारांचा हिशेब महत्त्वाचा आहे, म्हणून जरा बारकाईने सांगते. १४ तारखेचा शनिवार हा उतरायचा दिवस. दोन रात्रींच्या प्रवासानंतर सकाळी झोपा, दुपारी कॉलेज स्ट्रीट, कारण रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. दर सांगितल्यावर मुलीने लगेच पैसे काढू नयेत. जुन्या पुस्तकांना तिथे घासाघीस होते आणि दुकानदारालाही ती आवडते. दुकानदार पुस्तक स्वतः शोधून देतो, ग्राहकाने फळीवर हात घातलेला त्याला चालत नाही, आणि त्याच्या डोक्यातली यादी कुठल्याही संगणकाला ऐकणार नाही. दमलात की कॉफी हाउसमध्ये बसा. जिना आहे, सासूबाईंना खाली टॅक्सीतच थांबवावं लागेल, किंवा त्या दिवशी त्यांना हॉटेलवर आराम.

रविवारी १५ तारखेला छठ आहे. संध्याकाळी आणि सोमवारी पहाटे नदीचे घाट बिहारी कुटुंबांनी भरलेले असतात. बघायला छान, पण तिथून वाट काढायला कठीण. त्या दिवशी नदीकडे न जाता व्हिक्टोरिया मेमोरियल आणि मैदान करा. सोमवारी व्हिक्टोरिया, भारतीय संग्रहालय, जोडासाँकोच्या ठाकुरवाडीतलं, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरातलं संग्रहालय, सगळं बंद. म्हणून सोमवार चंदननगरला. मंगळवारी भारतीय संग्रहालय आणि दुपारी कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती.

कुमारटुलीसाठी मात्र वेळ राखून ठेवा. दुर्गा गेल्या म्हणून तिथलं काम थांबत नाही. त्या दिवसांत कार्तिकेयाच्या मूर्तींची शेवटची घाई असते. गल्ली दोन माणसांच्या रुंदीची. एका दारात बांबूच्या चौकटीला पेंढा आवळून नुसता देह बांधलेला असतो, डोक्याशिवाय. शेजारच्या दारात त्याच देहावर भुसा कालवलेल्या चिकणमातीचा पहिला थर, भेगाळलेला. पुढच्या दारात त्या भेगांवर ओल्या फडक्याचे तुकडे आणि बारीक मातीचा हात. आणि फळीवर ओळीने वाळत ठेवलेले नुसते चेहरे, अजून डोळे न काढलेले. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर तिथल्या साच्यांचं काम आठवेल. इथे गवतापासून सुरुवात असते. फोटो काढायच्या आधी विचारा, बरेच कारागीर कातावलेले असतात.

दक्षिणेश्वर आणि बेलूर बुधवारी, १८ तारखेला. मंगळवार आणि शनिवार हे कालीचे वार, त्या दिवशी दक्षिणेश्वरला रांग दुप्पट. सकाळी साडेसहाला दारात हजर राहा. मेट्रो थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते आणि स्टेशनजवळून मंदिरापर्यंत २०१८ मध्ये बांधलेला उंचावरचा पादचारी पूल आहे, सरकते जिने आणि लिफ्टसकट. तरी एवढ्या सकाळी सासूबाईंसाठी टॅक्सीच बरी. दर्शन झालं की रामकृष्णांची खोली, अंगणाच्या वायव्य कोपऱ्यात, तिथे सासूबाईंना हवं तेवढं बसू द्या. मग बेलूरला. सगळे सांगतील की नावेने जा, फार सुंदर प्रवास आहे. सुंदर आहेच, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. हुगळीला भरती-ओहोटी असते. जेटीचा तराफा पाण्यावर तरंगतो आणि काठापासून तिथवर लोखंडी पूल असतो. भरतीला तो पूल जवळपास सपाट, ओहोटीला तोच घसरगुंडीसारखा खाली उतरतो, वर पावलांनी आणलेला चिखल. गुडघे दुखणाऱ्या माणसाने आधी वरून डोकावून पुलाचा उतार बघावा आणि मग ठरवावं. खडा उतार दिसला तर मुकाट्याने टॅक्सी करून बाली पुलावरून जा. बेलूर मठ दुपारी बंद असतो, तेव्हा साडेनऊ-दहाला पोचा.

दिवस फार लवकर मावळतो, हे मात्र घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. घड्याळ आपलंच, पण सूर्य तिथे तासभर आधी येतो आणि तासभर आधी जातो. नोव्हेंबरच्या मध्यावर पाचच्या आत सूर्यास्त, साडेपाचला काळोख. दुपारी जेवून तासभर लवंडायची सवय असेल तर उठल्यावर बघण्यासारखं काही उरणार नाही. सहाला बाहेर, अकरा-साडेअकराला परत, मग दोन ते साडेचार, हा क्रम ठेवा.

राहण्यासाठी हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आधी विचारून बघा. मेट्रो जवळ आहे आणि सासूबाईंना मराठी कानावर पडेल. नाहीतर भवानीपूर-रासबिहारी भागातलं लिफ्ट असलेलं कुठलंही स्वच्छ हॉटेल. शाकाहारी खाण्याची काळजी नको: लुची, चणाडाळ, आलुर दम, आणि दर गल्लीत मिठाईचं दुकान.

गाडीचं आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होतं. १२ नोव्हेंबरची पुण्याहून निघणारी आझाद हिंद हवी असेल तर १३ सप्टेंबरला सकाळी आठला बुकिंग उघडेल. तो गणपती बसायचा आदला दिवस, घरात मखराची धांदल असणार. छठसाठी झारखंड-बिहारकडे जाणारे लोक त्याच गाड्यांवर तुटून पडतात, त्यामुळे साडेआठला बघू म्हटलंत तर वेटिंगच हातात येईल. यजमानांना मखरावरून उठवून संगणकापुढे बसवा. सासूबाईंची खालची बर्थ मागून घ्या, आणि परतीला १९ तारखेचं पुण्याचं विमान. दोन रात्री जाताना ठीक आहेत, येताना पुन्हा त्यांच्या गुडघ्यांना तोच ताण नको. त्याआधी शाळेत फोन करून दिवाळीची सुट्टी २० नोव्हेंबरपर्यंत आहे ना, तेवढं मात्र विचारून घ्या.